चार वर्षं फळ्यावर

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडलो की खालच्या मजल्यावरचे लोक घरात भांडण लागलं समजून वर येतात. म्हणून पुन्हा कागद-पेन हातात घेतलं. तुझा कान बरा झाला की टपालाचा सगळा खर्च तुझ्याकडून वसूल करीन.

बातमी अशी की आपल्या पतपेढीला सप्टेंबरात पन्नास वर्षं होताहेत आणि तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नवा मॅनेजर स्वतः येऊन गेला. पोरगेलासा आहे, पण बोलतो गोड. म्हणाला की छापखान्यात चाळीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आता आपल्या माणसांचं चार ओळी चांगलंही लिहा. मला नाही म्हणवेना. जुन्या वह्यांची दोन गाठोडी ठेवून गेलाय. उघडली तर आतून गिरणीचं पीठ अजून सांडतं!

तुझं वेगळं पान आहे बरं का. पेढीतली पहिली बाई कर्मचारी, एकतीस वर्षं नोकरी, एका पैशाची चूक नाही, असं लिहून ठेवलंय. समारंभात मानपत्रही तुलाच देणार आहेत, तेव्हा आतापासून हसायची सवय कर.

फळ्यावर मात्र आख्खं प्रकरण करतोय. आजकालच्या पोरांना तो नियम सांगितला की खरा वाटत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तीन हप्ते थकवणाऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, दाराबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. पैसे भरले की ज्याचं नाव त्यानंच, चार लोकांदेखत, ओल्या फडक्यानं पुसायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मॅनेजरचं म्हणणं, पेढी तगली ती या फळ्यामुळे. मध्ये जरा गंमत म्हणून चावीवाले काकांचा किस्सा टाकतोय. पैसे भरले तरी नाव पुसायला आले नाहीत, चार वर्षं फळ्यावर राहिले. काय तो हट्टी माणूस! अक्षर बरं म्हणून फळा तेव्हा माझ्याकडे असायचा, ते नाव मीच लिहिलं होतं. तुझ्या काही लक्षात असेल तर कळव.

गुडघे दुखतात, डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, बाकी मजेत. लोभ आहेच, तो पत्राच्या उत्तरात दिसावा.

तुझा,
धाकटा

•

१० जून

चि. खोडरबरास,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं रडगाणं मला सांगू नकोस, मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे आणि रोज तीन जिने चढते. मोतीबिंदू मात्र अंगावर काढू नकोस.

पेढीची सुरुवात विचारतोस तर लिही. तेवीस माणसं होती. शिंपी, सुतार, दोन परिचारिका, बस चालवणारा एक, चिटणीस झालेले आपले बाबा, असेच सगळे. बँकेत गेलं तर शिपाई दारातच विचारायचा की काय काम आहे, आणि सावकाराकडे गेलं तर तो काहीच विचारायचा नाही, तेच जास्त वाईट. मग ठरवलं की आपलेच पैसे आपणच एकमेकांना द्यायचे. गिरणीवरची खोली भाड्यानं मिळाली. खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, म्हणून आकडेमोड सकाळी गिरणी उघडायच्या आत करायची. वह्यांवर पीठ बसायचं, ते फुंकून पान उलटायचं. पहिलं वर्षभर पैसे खाऊच्या डब्यात होते. मग जुन्या बाजारातून तिजोरी आणली, तिला किल्ली नव्हती, ती करून घेतली. पहिलं कर्ज शिंप्याला शिलाई मशीनसाठी दिलं आणि शेवटचा हप्ता त्यानं फेडला त्या दिवशी बाबांनी सगळ्यांना चहा पाजला. हे सगळं घाल.

फळ्याचं प्रकरण आखूड कर. फळा काही एवढा थोर नव्हता. लोक त्याच्या धाकानं उपाशी राहून हप्ते भरायचे, हे आपल्याला ठाऊक होतं आणि आपण त्याला शिस्त म्हणायचो. चावीवाल्यांचा किस्सा तर काढूनच टाक, त्यात गंमत नाही. आणि माझ्या पानावरचं एका पैशाची चूक नाही हे वाक्यही काढ. मानपत्र दुसऱ्या कुणाला द्यायला सांग.

तब्येतीला जप. माया आहे तितकी आहे, ती मागून वाढत नाही.

तुझी,
ताई

•

१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू नको म्हटलंस, आणि लहानपणापासून तू नको म्हटलेल्या डब्यातच मी हात घालत आलोय. इतिवृत्ताच्या वह्या वाचल्या. तिजोरीची किल्ली करून घेतली असं तू एका ओळीत लिहिलंस. कुणी केली ते लिहिलं नाहीस. ती चावीवाले काकांनी केली होती. तीन दिवस गिरणीच्या धुरळ्यात मांडी घालून बसले, आणि मजुरी घेतली नाही. त्याऐवजी मला सभासद करून घ्या म्हणाले, असं बाबांच्या अक्षरात आहे.

पाच वर्षांनी त्यांचं नाव फळ्यावर गेलं. त्याच महिन्याच्या सभेत ठराव आहे की तिजोरीच्या किल्लीचा नमुना थकबाकीदार सभासदाकडे असणं योग्य नाही, सबब कुलूप बदलावं. वाचून माझाच चेहरा उतरला. हे मला माहीतच नव्हतं.

मग खातेवही काढली. त्यांचे तीन हप्ते एकदम जमा झालेत, तुझ्या अक्षरात, खिडकीवर रोख, तारीख चोवीस. ताई, मी आयुष्यभर छापलेल्या तारखा तपासल्यात, हाताला खाज सुटते. त्या महिन्याची चोवीस तारीख म्हणजे रविवार. रविवारी खिडकी बंद असायची.

एका बोराएवढ्या गोष्टीचा मी भोपळा करतोय असं वाटत असेल तर तसं सांग, मी गप्प बसेन. पण तू किस्सा नको म्हणालीस ते काकांसाठी की आणखी कशासाठी, एवढं कळलं तर बरं. रागावू नकोस.

लोभ नेहमीचाच असावा, कमी करू नये.

तुझा,
धाकटा

•

२७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आठ दिवस तुझं पत्र उशाशी घेऊन झोपते आहे. तुला तारीख दिसणारच होती. चव्वेचाळीस वर्षांत ती दुसऱ्या कुणाला दिसली नाही याचंच मला नवल वाटत आलंय.

काकांनी पैसे वेळेवर भरले होते. दोन तारखेला, शनिवारी संध्याकाळी. खिडकी बंद झाली होती, म्हणून ते आपल्या घरी आले. घरी पैसे घ्यायचे नाहीत हा नियम, घेतले तर नोकरी जाणार हेही मला माहीत होतं. पण ते दारात उभे होते, हाताला ग्रीस, आणि म्हणत होते की सोमवारी फळा लिहायच्या आत एवढं जमा कर पोरी. त्यांच्या बायकोच्या आजारपणात तीन हप्ते राहिले होते, कुठून तरी जमवून आणले होते. मी पाकीट घेतलं. तेव्हा मी मशीनवर बसले होते, तुझा मुलाखतीचा शर्ट शिवत. पाकीट मशीनच्या खणात टाकलं, वरून कापडाचे तुकडे पडले, आणि मी विसरले. साफ विसरले रे! चोरी नाही, काही नाही. विसरले.

सोमवारी नाव लिहिलं गेलं तेव्हा मी आत बसले होते आणि मला आठवलंसुद्धा नाही. दुपारी काका आले. पैसे भरलेत म्हणून सांगत होते. बाबांनी विचारलं की कुणाकडे भरले, पावती कुठे आहे. काकांनी माझं नाव घेतलं नाही. खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला आठवलं. मी मान खाली घालून वही चाळत राहिले.

का, ते सांगते. मला कामावर घेताना भर सभेत दोघं म्हणाले होते की बाईच्या हाती वही दिलीत तर घरच्या कामाच्या नादात हिशेब विसरेल. बाबा माझ्यासाठी त्यांच्याशी भांडले होते. आणि मी नेमकं तेच केलं होतं, घरी, शिवणाच्या नादात! आज नको, उद्या सांगू, असं करत घरी पाकीट शोधायचाही धीर होईना. जणू ते सापडलं नाही तर मी सुटले. रविवारी, चोवीस तारखेला, दोरा काढायला खण उपसला तेव्हा ते हाताला लागलं.

तेव्हा तरी बाबांना सांगायचं. सांगितलं नाही. सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन पैसे जमा दाखवले. दोन तारीख टाकली असती तर काका खरे ठरले असते आणि मी उघडी पडले असते. म्हणून चोवीस टाकली. डोक्यात आदल्या दिवशीचीच तारीख होती, रविवार होता हेही सुचलं नाही. त्या एका आकड्यानं मी त्यांना उशिरा भरणारा करून टाकलं, कायमचं, वहीत. बाबा म्हणाले की बघा, भरले शेवटी गुपचूप, आता येऊन नाव पुसा म्हणावं. काकांनी निरोप धाडला की मी थकवलं नव्हतं, मी पुसणार नाही. नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणी पुसायचं नव्हतं. पुढचं तुला ठाऊक आहे.

कुलपाचं मला तेव्हाच कळलं होतं. ज्या कारागिराला कुलूप बदलायला बोलावलं, तो बिचारा काही माहीत नसल्यानं काकांकडेच कानस मागायला गेला. त्यांनी दिली.

मला माझी लाज वाटते. रोज नाही वाटत, खोटं कशाला सांगू. मी जेवले, हसले, निवृत्त झाले, पेन्शन घेते. पण कुणी माझ्या चोख हिशेबाचं कौतुक केलं की तोंड कुठे लपवू असं होतं. आता तुझ्या हाती लेखणी आहे, काय लिहायचं ते लिही.

लोभ ठेवशील तर ठेव. वाढवायला सांगायची माझी लायकी नाही.

ताई

•

४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तो शर्ट मला आठवतो, निळ्या रेघांचा. नोकरी लागली ती त्याच शर्टात.

तू मान खाली घातलीस, मी काय केलं ते ऐक. फळ्यावरची अक्षरं महिन्याभरात पुसट व्हायची. नियम असा की नाव वाचता आलं पाहिजे. म्हणून दर पहिल्या सोमवारी मी काकांच्या नावावरून पुन्हा खडू फिरवायचो. चार वर्षं, तो नियम बंद होऊन फळा उतरवला तोवर. सुरुवातीला जरा मोठंच लिहिलं होतं, कारण त्यांनी मला सायकलचं कुलूप उधारीवर दिलं नव्हतं! मला कुणी मोठं लिहायला सांगितलं नव्हतं. खाली उभं राहून मान तिरकी करून मी माझं अक्षर बघायचो, वळण चांगलं आलंय म्हणून खूश व्हायचो. त्यांची मुलगी शाळेला जाताना गिरणीच्या मागच्या गटाराकडून जायची, तेही मी बघायचो, आणि मला वाटायचं तिला तो रस्ता जवळ पडतो. परवा हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि ताट बाजूला सारलं.

किस्सा फाडला. त्या जागी खरं काय घडलं ते दोन पानांत लिहून मॅनेजरला धाडलं. माझा खडूही त्यात आहे. मात्र काकांचं नाव घातलं नाही, एक सभासद असं म्हटलंय. त्यांचं नाव एकदा चव्हाट्यावर टांगून झालंय, पुन्हा कशाला.

ते हयात आहेत असं मॅनेजर म्हणाला, शहाऐंशीचे आहेत. ताई, तू जाऊन ये. मी आलो असतो, पण डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय आणि नंतर महिनाभर प्रवास बंद. हे निमित्त वाटेल तुला. थोडंसं आहेही.

तू आहेस तशीच मला हवी आहेस.

धाकटा

•

२० जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

जाऊन आले. तीनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरले होते, चौथ्यांदा पाय रेटले. दुकान तेच आहे, भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. आता मुलगी चालवते, किल्ल्या कापायच्या यंत्रावर बसते. काका आत स्टुलावर होते. दिसत फारसं नाही, बोटं फिरवून कुठली किल्ली कुठल्या कुलपाची ते सांगतात. मी कोण ते मुलीनं सांगायच्या आत ओळखलं. आवाजावरून म्हणाले, मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. पायांच्या आवाजावरून असेल.

मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले की हे मला कशाला सांगतेस, मला तर माहीतच होतं, ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. मी विचारलं की तेव्हा बाबांपुढे माझं नाव का नाही घेतलंत. तर म्हणाले की घरी पैसे घेतले म्हणून तुझी नोकरी गेली असती, मला वाटलं आज ना उद्या पोर स्वतःच सांगेल. पहिला महिना त्या विचारात गेला, दुसरा रागात, आणि मग हट्टच धरला. लोकांना वाटायचं मी फळा पुसला जायची वाट बघतोय, मी तुझी बघत होतो, असं म्हणाले. क्षमा केली म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही, तोंडच नव्हतं. मुलगी सबंध वेळ यंत्र चालवत होती. मला ऐकू कमी येतं म्हणून मी मोठ्यानं बोलत होते, तेव्हा तिला सगळं ऐकू गेलं असणार.

परत येते तो मॅनेजर माझ्या दारात. तुझी दोन पानं घेऊन आला होता. संचालकांनी काढून टाकलीत. सुवर्णमहोत्सव आहे, जुनी मढी कशाला उकरायची असं त्यांचं म्हणणं. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं की मानपत्र घ्यायला मी येते. तो खूश होऊन गेला. बिचाऱ्याला कल्पना नाही. मानपत्र घेताना दोन शब्द बोलायला देतात, त्यात मी सगळं सांगणार आहे. तू चार ओळी नीट लिहून दे, माझी जीभ ऐन वेळी लुळी पडायची.

डोळ्यांत औषध वेळेवर घाल.

ताई

•

२८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र खालच्या मजल्यावरच्या पोरीकडून लिहवून घेतोय, डोळ्याला पट्टी आहे, तेव्हा अक्षर सुंदर नसेल तर माझा दोष नाही. सोबत भाषण आहे. आखूड केलंय, तुला दम लागायच्या आत संपेल. एक सभासद असंच ठेवलंय. ते वाचून तू कपाळाला आठ्या घालशील, पण त्यांच्या मुलीचा विचार कर. हॉलभर लोक माना वळवून तिच्याकडे बघणार, तिनं पुन्हा मागच्या रस्त्यानं घरी जायचं का? जपून घे. पाणी जवळ ठेव.

तुझ्यापेक्षा मीच जास्त घाबरलोय. आशीर्वाद असू दे.

धाकटा

•

१६ सप्टेंबर

आदरणीय बाईंना,
चावीवाल्यांच्या मुलीचा नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. काल समारंभाला मी मागच्या रांगेत बसले होते. तुम्ही जुलैत दुकानात येऊन गेल्यापासून बाबा समारंभाच्या तारखेची विचारपूस करत होते. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून मला पाठवलं. सकाळी स्वतः उठून दाढी केली. घरीच बसायचं होतं, तरी केली.

तुम्ही सगळं सांगितलंत. काही लपवलं नाहीत, हे मी मान्य करते. मग टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढच्या रांगेत, मग सगळीकडे, लोक उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले की अशा प्रामाणिक माणसांमुळेच पेढी उभी आहे, आणि तुमच्या हातात आणखी एक फुलांचा गुच्छ दिला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती, मला म्हणाली की किती मोठं मन! मी उठून बाहेर आले.

घरी बाबा दारातच बसले होते. त्यांनी विचारलं की सांगितलं का. मी म्हटलं, सांगितलं. लोकांनी काय केलं, तर म्हटलं, टाळ्या वाजवल्या. त्यांनी विचारलं, कुणासाठी. मी पायातल्या चपला काढत राहिले. मग त्यांनी विचारलं की माझं नाव घेतलं का. बाई, तुम्ही एक सभासद म्हणालात. चार वर्षं ज्यांचं नाव येणारा-जाणारा वाचत होता, ते एकदा चांगल्या कारणासाठी घ्यायची वेळ आली तेव्हा एक सभासद! बाबा तोंडाकडे बघत होते. त्यांना दिसत नाही, तरी बघत होते. मी म्हटलं, हो, पूर्ण नाव घेतलं, आजोबांच्या नावासकट. त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन शांत झोपले.

मी बाबांशी आजवर खोटं बोलले नव्हते. शाळेत मागच्या रस्त्यानं जायचे तेही त्यांना सांगून जायचे. आता तुमच्यामुळे बोलले आहे. याचं काय करायचं ते मला सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. उणंअधिक लिहिलं गेलं असेल, पण मी माफी मागत नाही.

नमस्कार.

•

१९ सप्टेंबर

चि. मुलीस,
आशीर्वाद देण्याचा अधिकार नाही, म्हणून नमस्कारच करते.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. नाव घेतलं नाही ते तुम्हाला जपण्यासाठी, असं मी स्वतःला समजावलं होतं. माझ्या भावानं लिहून दिलं आणि मी वाचलं. पण त्या टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मला कळलं की मी जपलं कुणाला. मला ऐकू कमी येतं, त्या मात्र सगळ्या ऐकू आल्या. आणि खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. चव्वेचाळीस वर्षांत मी केलेल्या सगळ्यात मला त्या क्षणाची लाज सर्वांत जास्त वाटते.

काल अकरा वाजता पेढीत गेले. ती वेळ गर्दीची असते, पैसे भरायला लोक येतात. रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा खिडकीवरच्या मुलीनं स्लिप भरलीत का म्हणून विचारलं. मी मागे वळले आणि तुझ्या बाबांचं पूर्ण नाव घेतलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. माझा आवाज मोठा आहे हे तुला माहीत आहे. सांगितलं की त्यांनी पैसे दोन तारखेला भरले होते, माझ्या हातात दिले होते, विसरले मी, खोटी तारीख टाकली मी, या पेढीची पहिली किल्ली त्यांनी फुकट करून दिली आणि आपण त्यांना चोरासारखं वागवलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. खिडकीवरच्या मुलीनं ते नाव कॉम्प्युटरमध्ये शोधलं आणि असं खातं नाही म्हणाली. एकानं रक्कम किती होती ते विचारलं. मागचा एक जण म्हणाला की आजी, जरा लवकर आटपा. मग बाकावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठले. त्यांना फळा आठवत होता, नावही आठवत होतं. त्यांनी एवढंच विचारलं की, म्हणजे त्यांनी भरले होते? मी हो म्हटलं. ते म्हणाले की आम्ही त्यांच्याकडून किल्ल्या करून घ्यायचं सोडलं होतं.

मानपत्र मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आले. तो फार गोंधळला, म्हणाला की परत घ्यायचा आमच्याकडे नियम नाही. मी म्हटलं, मग करा. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पाय चालतील तोवर, त्या रांगेत उभं राहून हेच सांगणार आहे. लोक वेडी म्हणतील, म्हणू देत.

बाबांना मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. नाव त्या दिवशीच घेतलं गेलं असं त्यांना वाटतंय, ते तसंच राहू दे. मी तीन दिवस उशिरा गेले, हे फक्त तुला आणि मला माहीत असावं.

लोभ मागत नाही.

पेढीच्या बाई